पान्याचं पान : पाणी नसलेला कूलर आणि राखेतली चेन

मे लागला की माझ्याकडे येणारी पत्रंसुद्धा तापलेली असतात. बत्तीस वर्षं नागपूरच्या सक्करदऱ्यात दुचाकींचं गॅरेज चालवलं. आता शटर मुलगा उघडतो अन् मी दुपारी कूलरसमोर बसून तुमची पत्रं वाचतो. या वेळी एक गोष्ट जाणवली. जवळपास प्रत्येकानं काहीतरी विकत घ्यायचं ठरवूनच पत्र लिहिलंय. ‘कोणतं घेऊ’ हे सगळे विचारतात, ‘बिघडलंय काय’ हे कोणीच विचारत नाही. तेव्हा काही जणांचा हिरमोड होईल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : काका, माझं वय २६. घर मानकापूरला, नोकरी मिहानमध्ये. रविवारी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप बाइकनं रामटेक, पेंच, कधी उमरेडकडे जातो. मागच्या रविवारी रामटेकहून निघायला उशीर झाला आणि साडेबाराच्या सुमारास मनसरच्या पुढे मला गरगरायला लागलं. अंगात चांगलं जाळीचं जॅकेट होतं, सगळीकडून हवा लागत होती, तरी असं का झालं? दुकानदार म्हणतो, याच्याहून जास्त जाळी असलेलं घ्या. घेऊ का?

उत्तर : नको घेऊस बाबू. तुझे पैसे जातील आणि पुढच्या खेपेला जास्त गरगरेल.

तुझ्या घरी कूलर असेलच. त्यातलं पाणी संपलं आणि पंखा नुसताच फिरत राहिला, की खोलीत काय येतं? गरम हवा. दुपारी दोन वाजता असा कूलर कोणी चालू ठेवत नाही, उठून आधी पाइप लावतो. मे महिन्यातलं जाळीचं जॅकेट म्हणजे पाणी संपलेला कूलर.

माणसाची कातडी साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर वारा लागल्यावर अंगातली उष्णता निघून जाते. पुण्याचे किंवा बंगळुरूचे रायडर जाळीच्या जॅकेटचं कौतुक करतात ते खरंच आहे, त्यांच्या हवेत ते काम करतं. पण बाहेर ४५ अंश असताना तू ताशी ७० नं चाललास, की तोच वारा उष्णता आत ढकलतो. मग अंग थंड ठेवायला उरतो एकटा घाम. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी, की घाम आल्याचं कळायच्या आत उडून जातो. अंग ओलं लागत नाही म्हणून पाणी प्यायचं सुचत नाही. मनसरला पोचेपर्यंत तुझी टाकी रिकामी झाली होती आणि रिझर्व्हचा काटा दिसला नाही, एवढंच झालं.

मग करायचं काय? कूलरमध्ये पाणी भरायचं. जाड सुती बनियन किंवा टी-शर्ट पाण्यात बुडव, हलका पिळ, अंगात घाल आणि वरून तेच जॅकेट चढव. जॅकेटला आतून वारा अडवणारा लायनर आला असेल तर तो लाव, छातीवरची चेन दोन बोटं उघडी ठेव, बाह्यांची मनगटं सैल ठेव. वारा थोडा आत गेला पाहिजे, धो-धो नको. थोडा वारा आणि भरपूर ओल हे खसच्या ताटीचं जुनंच गणित आहे. पहिल्यांदा करशील तेव्हा थंडी वाजेल, खोटं सांगत नाही. अर्ध्या-पाऊण तासात बनियन वाळतं, मग थांबून परत भिजव. पाणीही तेव्हाच पी, तहान लागो न लागो.

हीच युक्ती जूनच्या शेवटी वापरलीस तर मात्र शिव्या देशील मला. पाऊस सुरू झाला की कूलर कसा चिकचिक करतो? हवेतच ओल असते, बनियन वाळत नाही. तेव्हा लायनर काढ, जाळी उघडी कर. म्हणजे तुझं जॅकेट वाईट नाहीच, तू ते चुकीच्या महिन्यात चुकीच्या पद्धतीनं घातलंस.

पैसे खर्च करायची खुमखुमी असेलच तर जॅकेटच्या आतली पॅडं काढून बघ. खांद्या-कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ असा युरोपीय मानकाचा शिक्का आणि लेव्हल १ की २ ते छापलेलं असतं. पाठीच्या खिशात बहुतेक जॅकेटांत नुसता स्पंजचा तुकडा कोंबलेला सापडतो, त्यावर शिक्का नसतो. तो फेकून पाठीचं खरं पॅड घे, त्यावर ईएन १६२१-२ लिहिलेलं असेल. जॅकेटच्या कापडाची प्रतही आत लेबलावर असते. ए, एए, एएए असे दर्जे, जितके ए जास्त तितकं घासलं जाण्यात टिकाऊ. जाळीची बरीच जॅकेटं ए मध्ये बसतात, शहरापुरतं ठीक.

अन् एक शेवटचं, हे गमतीत घेऊ नका. बरोबरच्याचा घाम थांबला, कातडी तापलेली, बोलणं अडखळायला लागलं, तर पन्हं पाजत झाडाखाली बसू नका. त्याच्यावर पाणी ओता, १०८ ला फोन लावा, दवाखाना गाठा. पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरी, हे आमच्या वेळचं वेळापत्रक होतं. त्यात रामटेकही होतं आणि पोहेही होतात.

प्रश्न : भाऊ, मी खापरखेड्याला राहतो, गाडी १५० सीसीची, रोज कामाला नागपूर येणं-जाणं. चेन सॉकेटचा सेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं) ९ हजार किलोमीटरमध्ये गेला. मिस्त्री म्हणाला ओरिजिनल नव्हता. ओरिजिनल टाकला, तोही ११ हजारात खडखडायला लागला. मी चेनला दर रविवारी न चुकता ऑइल सोडतो. गॅरेजमधून निघालेलं जळकं ऑइल फुकट मिळतं, तेच वापरतो. आता ब्रासची चेन टाकू का?

उत्तर : भाऊ, तुमची चेन तुम्हीच घासून संपवताय, अन् तेही दर रविवारी न चुकता.

तुमच्या रस्त्यावर काय उडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. खापरखेडा आणि कोराडी, दोन्हीकडे वीजकेंद्रं. राखेचे ट्रक पुढून गेले की हेल्मेटची काच पांढरी होते. ती राख बारीक असते पण मऊ नसते. जळकं ऑइल पातळ, त्यात आधीच इंजिनाची काजळी आणि धातूचा कीस. त्यात राख मिसळली की काय तयार होतं माहीत आहे? आम्ही वॉल्व्ह बसवताना जी घासायची पेस्ट वापरायचो ना, तिची मावसबहीण. ती तुम्ही चेनच्या प्रत्येक कडीत भरता आणि रोज फिरवता. सोन्याची चेन टाकली तरी तेच होणार.

जळकं ऑइल आजपासून बंद. चेन केरोसिनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा, मिळत नसेल तर चेन क्लीनर घ्या. पेट्रोल वापरू नका, चेन ओ-रिंगवाली असेल तर त्या रबराचं वाटोळं होतं. तारेचा ब्रशही नको. कोरड्या फडक्यानं परत पुसा. मग चेनच्या आतल्या बाजूनं, म्हणजे जी बाजू दातांवर बसते तिकडून, ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. स्प्रे असेल तर तोही चालतो. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना केलं तर ते कड्यांत नीट शिरतं. रात्रभर राहू द्या आणि सकाळी, हे कोणीच करत नाही, वरचं सगळं पुसून काढा. चेनला तेल आत हवं असतं. बाहेरच्या तेलाला राख चिकटते. साधारण ५०० किलोमीटरला एकदा पुरे, तुमच्या रस्त्याला ३०० धरा.

दुसरी शंका मला ताणाची आहे. चेन खडखडली की मिस्त्री पहिल्यांदा काय करतो? कसतो. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मागचं चाक हळूहळू फिरवत चार-पाच जागी बोटानं वर-खाली करून बघा. जिथं सगळ्यात कमी हलते तिथं माप घ्यायचं. बहुतेक गाड्यांना ते २० ते ३० मिलिमीटर असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तकात आहे. सैल जागी माप घेऊन कसली, की घट्ट जागा आली रे आली की चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. चेन सेटच्या पैशात बेअरिंग येत नाही.

चेन खरोखर गेली की नाही हे बघायला पाना लागत नाही. मागच्या सॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर गेली, तेव्हा तिन्ही एकदम बदला. पुढचं सॉकेट चांगलं दिसतंय म्हणून ठेवायचं नाही.

आणि हो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरणारे लोक मी रोज बघतो. माझ्या उस्तादांच्या उजव्या हाताला साडेचार बोटं होती. चाक हातानं फिरवा.

प्रश्न : काका, मी हिंगण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा पाच पॉइंट कमी ठेवावी की नायट्रोजन भरावा? आमच्यात यावरून पैज लागली आहे.

उत्तर : दोघंही हरलात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. उरलेल्यासाठी पैसे मोजायचे तर मोजा, पण पैजेचे पैसे मला पाठवा.

हवा कमी ठेवणं मात्र धोक्याचं. कमी हवेचा टायर चालताना कडेला जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, आणि वाकण्यातूनच जास्त तापतो. टायर फुटतात त्यात कमी हवेचेच जास्त. इंजिनिअरिंगला आहेस तर वायूचा नियम आठव. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय दाब वाढतो. कंपनीनं हा हिशोब धरूनच आकडा दिलेला असतो. सकाळी गाडी थंड असताना पुस्तकातल्या आकड्याइतकी हवा भर आणि दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नकोस.

त्यापेक्षा टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तेवढा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी काढ, रबर लाकूड झालेलं असतं. आपले सिमेंटचे रस्ते आणि वर्धा रोडसारखी सरळसोट धाव, यानं टायर मधोमध चपटाही होतो. मग वळणावर गाडी एकदम झुकल्यासारखी वाटते आणि लोक कोनसेट (हँडलची बेअरिंगं) बदलतात!

प्रश्न : मी शिक्षिका आहे, त्रिमूर्तीनगरहून रोज स्कूटरनं शाळेत जाते. उन्हामुळे सनकोट, डोक्याला-तोंडाला दुपट्टा आणि वरून हेल्मेट. हेल्मेट सैल वाटतं म्हणून दुपट्ट्याला मागे मोठी गाठ मारते, मग घट्ट बसतं. मुलगी म्हणते हे चूक आहे. शिवाय ९०० चं हेल्मेट चालेल की ४ हजारांचंच घ्यावं?

उत्तर : ताई, मुलगी बरोबर बोलतेय.

दुपट्ट्यानं घट्ट झालेलं हेल्मेट घट्ट नसतं. पडल्यावर कापड सरकतं आणि त्याबरोबर हेल्मेट फिरतं. मागची गाठ तर कवटी आणि हेल्मेट यांच्यामध्ये ठेवलेला दगडच समजा. पातळ सुती बॅलाक्लाव्हा मिळतो, मोज्यासारखा डोक्यात घालायचा, तो घ्या. ऊन लागत नाही आणि हेल्मेटच्या मापात फरक पडत नाही. दुपट्टा हवाच असेल तर हेल्मेटच्या खाली गळ्याभोवती घ्या आणि दोन्ही टोकं सनकोटाच्या आत खोचा. मोकळं टोक चाकात गेल्याची एक गाडी माझ्या गॅरेजात आली होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माप असं घ्या : भुवयांच्या थोडं वर, डोक्याभोवती शिंप्याची टेप. नवं हेल्मेट गालाला दाबलं पाहिजे. डोकं डावी-उजवीकडे हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर एक नंबर लहान घ्या.

किमतीपेक्षा शिक्का बघा. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. त्यासाठीचं मानक आयएस ४१५१. शिक्क्याच्या खाली सीएम/एल आणि पुढे आकडे असतात. ते ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकले की कोणत्या कंपनीचा परवाना ते कळतं. फूटपाथवरच्या काही हेल्मेटांवर शिक्का असतो, नंबर नसतो, किंवा नंबर दुसऱ्याच कोणाचा निघतो. खरा शिक्का असलेलं, मापाचं ९०० चं हेल्मेट सैल बसणाऱ्या ४ हजाराच्या हेल्मेटापेक्षा मला चालेल. एकदा जोरात आपटलं की मात्र दोन्ही बाद. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, बाहेरून काही दिसत नाही.

प्रश्न : माझी बुलेट जरा चढ आला की नुसती ओरडते, पुढे जात नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्प्रिंग सगळं मागवायचं आहे. कुठल्या कंपनीचं घेऊ? (वाचक, काटोल रोड)

उत्तर : मागवू नका, आधी सांगा इंजिनात ऑइल कोणतं आहे आणि कोणी टाकलं.

हे विचारायला मी स्वतः एकदा विसरलो होतो. २००७ च्या आसपास एक गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन आलं. मी क्लच प्लेट बदलल्या. आठ दिवसांत परत. पुन्हा बदलल्या, या वेळी स्प्रिंगसकट. परत तेच. तिसऱ्यांदा तो सहज बोलून गेला, की घरच्या कारचं महागडं ऑइल लिटरभर उरलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून गाडीत ओतलं. आमच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्या ऑइलातच बुडालेला असतो. कारच्या ऑइलात घर्षण कमी करायची औषधं असू शकतात, कारला ती चांगलीच. क्लच मात्र घर्षणावरच चालतो! दोन वेळची मजुरी मी त्याला परत केली. प्लेटांचे पैसे त्यानं मागितले नाहीत, त्याचं मोठेपण.

डब्यावर जासो (हे जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघा. एमबी असेल तर ते स्कूटरचं, स्कूटरचा क्लच कोरडा असतो. ऑइल बदला, पाचशे किलोमीटर चालवा, क्लच लिव्हरचा ढिलेपणा तपासा. तरी घसरला तर मग प्लेटा. घट्टपणाबद्दल, म्हणजे १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०, पुस्तकात लिहिलंय तेच टाका. ‘आपल्याकडे ऊन जास्त म्हणून जाड टाकलं’ हे पानठेल्यावर ऐकायला बरं वाटतं, पण बाहेर ४६ अंश असले तरी इंजिनातलं ऑइल शंभरीच्या आसपास किंवा वरच असतं. दुसरा आकडा १०० अंशांनाच मोजलेला असतो.

प्रश्न : इतवारीतून लिहितो. ९१ ची यामाहा आरएक्स १०० आहे, वडिलांची. इथेनॉलच्या पेट्रोलनं हिचं काय होणार? सगळे वेगवेगळं सांगतात.

उत्तर : इथेनॉलचे सगळ्यात मोठे वकील नितीन गडकरी आपल्याच शहराचे खासदार, त्यामुळे नागपुरात या प्रश्नावर गाडीपेक्षा राजकारण जास्त बोललं जातं. मी कार्बोरेटरपुरतं बोलतो.

ॲव्हरेज थोडं पडणार. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि इ२० मध्ये ते वीस टक्के आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा पेट्रोलसाठी न बनलेल्या दुचाकींना तीन-चार टक्के घट धरली आहे. ते सोसता येतं. तुमच्या गाडीचा खरा प्रश्न दुसरा आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. तुमच्यासारखी टू-स्ट्रोक गाडी पातळ मिश्रणावर तापते आणि पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन आतच अडकतो. भर मेमध्ये तर लवकर. महिन्यातून एकदा प्लग काढून बघा. कॉफीच्या रंगाचा असेल तर आनंद, पांढराफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकायला सांगा.

पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर, फ्लोट बाउलचं (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅसकेट हे जुनं रबर फुगतं किंवा चिरतं. तिन्ही मिळून खर्च किरकोळ आहे, बदलून टाका. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाउल रिकामा करा. टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या ओलीनं गंज धरतो. ही गाडी १९९६ लाच बंद झाली, चांगली टाकी शोधायला निघालात की भाव ऐकून वडिलांची आठवण येईल.

थोडक्यात काही.

टाकी फुल केली तर उन्हात स्फोट होतो का, असं चौघांनी विचारलंय. नाही. हा निरोप दर उन्हाळ्यात तेल कंपनीच्या नावानं फिरतो आणि कंपनीनं तो खोटा असल्याचं सांगितलेलं आहे. फक्त बीएस६ गाडीत गळ्यापर्यंत ठासून भरू नका, वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं.

मेडिकल चौकातल्या वाचकाची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. नवी घेण्याआधी गाडी रात्रभर उभी असताना मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. मग गाडी चालू करून रेस द्या, १४ च्या आसपास. १५ च्या वर गेलं तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर खराब आहे, तो नवी बॅटरीसुद्धा उकळून टाकील.

समृद्धीवरून बाइकनं शिर्डीला जायचं ठरवलेल्या ग्रुपला : समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. बुकिंग करण्याआधी विचारलंत, बरं केलंत.

शेवटचं पत्र महालातल्या एका आजोबांचं. नातू बाइकवर फिरतो, त्याच्या जॅकेटच्या खिशात कांदा ठेवला तर ऊन लागणार नाही ना, असं विचारलंय. आजोबा, माझी आईही ठेवायची. कांदा ऊन थांबवत नाही, पण खिशाला हात लागला की नातवाला पाणी प्यायची आठवण होत असेल तर ठेवा. फक्त पावसाळ्याआधी काढा. आमच्या एका गिऱ्हाइकानं जॅकेट धुवायला म्हणून जुलैत उलटं केलं, तर आतल्या खिशात वीतभर पात आली होती.